आठ की सोळा

थोरल्यांनी तिसरा लॅपटॉप उचलला, उजव्या हातावर तोलून पाहिला आणि खाली ठेवला. पहिला जड होता. दुसरा हलका होता, पण त्याच्या कडा तळहाताला टोचत होत्या. हा तिसरा बरा वाटला असावा, कारण त्यांनी तो पुन्हा उचलला. या वेळी डाव्या हातानं. डावं मनगट हळूहळू झुकायला लागलं तशी धाकटीनं लॅपटॉपच्या खाली आपला हात नेला. टेकवला नाही, नुसता दोन बोटं खाली धरून ठेवला.

"हा सगळ्यात हलका," दुकानदार म्हणाला. "वहीएवढं वजन. फिरतीच्या माणसाला एकदम सोयीचा. फिरती फार असते का?"

थोरले काहीतरी बोलले.

दुकानदारानं चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून धाकटीकडे पाहिलं. अलीकडे सगळेच तसं करायचे. थोरल्यांचं बोलणं मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि मग तिच्याकडे वळायचं. डॉक्टर, पोस्टमन, शेजारी, सगळ्यांनी जणू एकाच शाळेत शिकून घेतलं होतं.

"ते म्हणतात, फिरती नाही. मांडीवर घेऊन—"

थोरल्यांनी काउंटरवर बोट आपटलं. एकदाच.

धाकटी थांबली. मग म्हणाली, "मला फिरती नाही. मला मांडीवर घेऊन बसायचंय. माझे हात लवकर भरून येतात."

"तुमचे?"

"माझे नाही. यांचे."

"हां, मग ठीक," दुकानदार म्हणाला. त्याला काहीही ठीक कळलेलं नव्हतं.

थोरले आणि धाकटी ही काही भावंडं नव्हेत, नवरा-बायको. कोर्टात दोन दुभाषी, एक आधी आलेला आणि एक मागून आलेली, म्हणून जुन्या शिरस्तेदारानं ही नावं पाडली होती. पुढे दोघांनी लग्न केलं तेव्हा तोच शिरस्तेदार साऱ्या कचेरीत सांगत सुटला, की आता यांच्या घरात भांडण झालं तर भाषांतराला तिसरा माणूस ठेवावा लागणार. भांडणं झाली तशी निभावलीही. नावं मात्र चिकटली ती चिकटलीच. घरीसुद्धा ते तिला धाकटे म्हणत, आणि ती त्यांना अहो.

दुभाष्याच्या कामाचे नियम मोजकेच असतात, पण काळ्या दगडावरची रेघ. जो बोलतो त्याच्या जागी उभं राहून बोलायचं. साक्षीदार 'मी पाहिलं' म्हणाला, तर 'तो म्हणतो की त्यानं पाहिलं' असं सांगायचं नाही. 'मी पाहिलं' असंच सांगायचं. बाईनं पुरुषाचं बोलणं पोचवताना 'मी गेलो, मी आलो' म्हणायचं. कोणी हसलं तर हसू द्यायचं. पदरचं घालायचं नाही, समोरच्याचं गाळायचं नाही. आणि स्वतःबद्दल काही सांगायची पाळी आलीच, तर 'मी' म्हणायचं नाही, कारण तो 'मी' त्या वेळी दुसऱ्याच्या नावावर असतो. तेव्हा म्हणायचं, दुभाषी. दुभाष्याला ऐकू आलं नाही. दुभाष्याला पाणी हवंय.

हे सगळं तिला थोरल्यांनी शिकवलं. नोकरीला लागून फार दिवस झाले नसताना, एका खाणकामगाराच्या साक्षीत ती घसरली होती. त्या माणसानं आपल्या मुकादमाला आईवरून शिवी दिली आणि धाकटीनं न्यायाधीशांना सांगितलं, "मुकादम फार वाईट माणूस आहे." मागच्या बाकावर बसलेल्या थोरल्यांचा हात वर गेला. ती भाषा येणाऱ्या कोणालाही दुभाष्याची चूक दिसली तर असा हात वर करायचा, अशी त्या कोर्टाची रीत होती. भर कोर्टात तिला ती शिवी जशीच्या तशी म्हणावी लागली. मग चहाच्या खोलीत ती रडत बसली, तेव्हा ते कप घेऊन आले आणि म्हणाले, "तुला वाटलं, तू सभ्यपणा केलास. तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास." एवढं बोलून गेले. तिला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता की चहा तसाच थंड झाला.

आता त्याच माणसाची जीभ गेली होती. गेली म्हणजे अजून हलत होती, पण शब्द तोंडात ओल्या मातीसारखे बसायचे. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकामागून एक मरत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बुद्धीला धक्का नाही, डोळे बहुतेक शेवटपर्यंत राहतात. बाकीचं जातं. काहींचं पायापासून सुरू होतं, काहींचं हातापासून. थोरल्यांचं जिभेपासून झालं. रोगाला कुठे अक्कल असते, म्हणून तो माणूस बघून जागा निवडेल? पण थोरल्यांना तसंच वाटायचं आणि तुमचं वाटणं चूक आहे, असं सांगायची कोणाची छाती झाली नाही. सुरुवातीला ते त्यावर विनोद करत. "लोक उचलली जीभ लावतात टाळ्याला," ते म्हणायचे, "मला आधी ती उचलतच नाही." पुढे हा विनोदही कोणाला कळेनासा झाला. मग तो धाकटीला पोचवावा लागायचा, आणि पोचवलेल्या विनोदाला कोण हसणार?

"मशीन पसंत, मग आता आतलं बघू," दुकानदार म्हणाला. त्यानं काउंटरवरचं रबरी मांजर उगाचच दोन इंच सरकवलं. दुकान लांबट आणि अरुंद होतं, मागे खोक्यांची भिंत, वर एक नळीदिवा मधूनच डोळा मारत होता. "मेमरी किती घेणार? आठ की सोळा?"

थोरले त्याच्याकडे पाहत राहिले.

"नाही, आधीच नीट विचार करा म्हणून सांगतो. पूर्वीच्या जाडजूड मशिनचं बरं होतं. मागचं झाकण उघडायचं, पाहिजे तेव्हा मेमरी वाढवायची. हे हलके आले आणि ती सोय गेली. यात मेमरी बोर्डावरच पक्की बसवून येते. नंतर काढता येत नाही, घालता येत नाही. जे काय ठरवायचं ते आज, या काउंटरवर." तो जरा पुढे झुकला. बोलायची हौस असलेला माणूस होता. "लोक म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझ्या दुकानात उलटं आहे. पाय कुठपर्यंत पसरायचेत ते आधी सांगा, मग मी अंथरूण देतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो. किती वर्षं चालवायचाय?"

धाकटीनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याला काय माहीत? पण त्या प्रश्नाला गेला आठवडाभर दोघं घरात वळसा घालून चालत होती. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीला घालावा तसा.

इस्पितळात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. आवाज हळू, केस घट्ट बांधलेले, कपाटात लहान मुलांची चित्रं. त्यांनीच लॅपटॉपचा विषय काढला. आता बोलणं कमी करा, टाइप करा, मशीन ते मोठ्यानं वाचून दाखवेल. थोरल्यांच्याच आवाजात वाचावं असं वाटत असेल तर आवाज भरून ठेवण्याची सोय आहे, पण ते आधी करायला हवं होतं. जुनी रेकॉर्डिंग आहेत का कुठे? "कोर्टात आहेत," थोरल्यांचं म्हणणं धाकटीनं पोचवलं होतं, "ढीगभर आहेत. पण सगळ्यांत मी कोणाचा तरी खून केलाय, नाहीतर केलेला नाही." बाईंना हसावं की काय करावं ते कळेना.

मग त्यांनी फूटपट्टीएवढी एक काळी पट्टी दाखवली. ही स्क्रीनच्या खाली लावायची. ती डोळ्यांकडे बघते. ज्या अक्षरावर नजर ठरेल ते अक्षर उमटतं.

"आत्ता याची गरज नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता हात चांगले आहेत. पण पुढे कधी हात… म्हणून मशीन घेतानाच सोळा घ्या. आठवर हे चालतं, पण फार अडखळतं. एकेका अक्षरावर नजर रोखून बसावं लागतं. माणूस दमून जातो. मग बोलायचंच सोडून देतो."

थोरल्यांनी ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. बाहेर आल्यावर जिन्यात कठडा धरून ते थांबले. खाली कोणीतरी फरशी पुसत होतं आणि ओल्या फरशीचा वास वर येत होता.

"हातापर्यंत ठीक," ते म्हणाले. "त्याच्या पुढे मला यायचं नाही."

डॉक्टरांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पोटात नळी नको, श्वासाचं यंत्र नको. तेही धाकटीच्याच तोंडून, तिनंच पोचवलेलं. 'मला नळी नको.' डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून विचारलं होतं, "नक्की?" आणि ती म्हणाली होती, "नक्की." तेव्हा ते काम वाटलं होतं. जिन्यात मात्र मध्ये कोणी नव्हतं. वाक्य थेट तिलाच सांगितलेलं होतं, ते पुढे पोचवून मोकळं होता येत नव्हतं. तिनं त्यांचा कोपर धरला आणि दोघं खाली उतरली.

तेव्हा आठ की सोळा हा दुकानदाराच्या दृष्टीनं मशीनचा प्रश्न असेल. आठ म्हणजे हात चालतायत तोवर. सोळा म्हणजे त्यानंतरही. थोरल्यांना कुठपर्यंत यायचंय ते इथे ठरणार होतं आणि त्यांचं ठरलेलं होतं. तिला काय हवंय ते तिनं अजून उच्चारलेलं नव्हतं. सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली होती, "चला, बघून तर येऊ."

"किमतीत फार फरक नाही," दुकानदार सांगत होता. "आठ म्हणजे दुधाची तहान ताकावर. आज भागेल, दोन वर्षांनी रडवेल. सोळा म्हणजे निर्धास्त. तुम्ही काय काम करणार आहात याच्यावर?"

थोरले बोलले. वाक्य लांब नव्हतं, पण मध्ये दोनदा लाळ गिळावी लागली. बोलून झाल्यावर त्यांनी रुमालानं ओठांचा कोपरा टिपला. एखादा साहेब जेवण संपवून टिपतो तसा, सावकाश. त्यांना घाई केलेली आवडत नसे.

ते म्हणाले होते, 'आठ. मला फार लांब जायचं नाही.'

दुकानदारानं धाकटीकडे पाहिलं.

तिच्या आयुष्यात अशी हजारो वाक्यं तिच्या हाती आली होती. चोरांची, चोर नसलेल्यांची, घटस्फोट मागणाऱ्या बायकांची, आपला मुलगा हा नव्हेच असं म्हणणाऱ्या बापांची. एका वाक्यानं माणूस दहा वर्षं आत जाणार हे दिसत असतानाही तिनं ते वाक्य तोंडातून तसंच काढून दिलं होतं आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवली होती.

"सोळा," ती म्हणाली.

"शाबास," दुकानदार खूश झाला. "शहाण्या माणसाचं लक्षण. थांबा, आतून नवं खोकं आणतो."

तो वळला. धाकटीनं काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या माउसांकडे नजर लावली. काळे, लाल, एक गुलाबी. बाजूला काहीतरी हललं, पण तिनं बघितलं नाही. मग बघितलं.

थोरल्यांचा हात वर चालला होता. उजवा हात. खांद्यापर्यंत पोचला आणि पुढे जाईना, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं त्याचा कोपर खालून धरला आणि वर ढकलला. तसाच धरून उभे राहिले. तिच्याकडे ते पाहत नव्हते, समोर पाहत होते, न्यायाधीश बसतात तिकडे. तिथे खोक्यांची भिंत होती.

दुकानदार परत आला आणि गोंधळला. "काय झालं? पाणी हवंय का त्यांना?"

त्या दुकानात त्या हाताचा अर्थ एकाच माणसाला कळत होता. तिनं नुसतं 'हो, पाणी द्या' म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. खोकं आलं असतं, पैसे दिले असते, दोघं घरी गेली असती. आणि तो हात कधीतरी आपोआप खाली आला असता.

"दुभाषी दुरुस्ती करते," धाकटी म्हणाली. आवाज कोर्टातला होता, एका पट्टीतला. "आठ. मी आठ म्हणालो. मला फार लांब जायचं नाही."

थोरल्यांनी हात खाली घेतला. घेतला म्हणजे सोडला. तो काउंटरच्या काचेवर पडला आणि खालचे माउस थरथरले.

"आता हा दुभाषी कोण?" दुकानदार म्हणाला. त्याच्या हातात खोकं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

"मी."

"बरं. म्हणजे आठ?"

थोरले धाकटीकडे वळले. इतका वेळ ते दुकानदाराशी बोलत होते, आता तिच्याशी बोलले. तीनच शब्द. दुकानदारानं भुवया उंचावल्या. खरं तर आता त्याला त्यात काही कारण नव्हतं, पण सवय लागली होती.

"काय म्हणतायत?"

"मी विचारतोय," ती म्हणाली, "चूक, की मुद्दाम?" दुरुस्ती झाली की न्यायाधीश हेच विचारतात. मुद्दाम असेल तर दुभाष्याची नोकरी जाते. "आणि दुभाषी म्हणते, मुद्दाम."

थोरल्यांनी मान हलवली. त्यांना उत्तर माहीतच होतं. ते पुन्हा बोलले, या वेळी थोडं मोठ्यानं, तिला काय हवंय ते विचारलं.

"दुभाष्याला मत नसतं," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

'इथे कोर्ट आहे का?' थोरले म्हणाले. 'सांग.'

दुकानदारानं खोकं हळूच खाली ठेवलं. नळीदिव्यानं डोळा मारला.

"मला सोळा हवंय," धाकटी म्हणाली. बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "तुम्ही वापरा किंवा वापरू नका. पडून राहू दे, धूळ खाऊ दे, मी पुसत बसेन. मी तुम्हाला पुढे चला म्हणत नाही. पण हात गेले आणि त्या दिवशी तुम्हाला काही सांगायचं असलं तर? कूस बदल म्हणायचं असलं, पांघरूण नको म्हणायचं असलं, नाहीतर आता पुरे म्हणायचं असलं. ते तरी तुम्ही कशानं म्हणणार? आणि मी समोर बसून बघत राहणार? जन्मभर मी लोकांची बोलणी पोचवली, परक्यांची. तुमचंच मला कळलं नाही, असं होऊ द्यायचं का? ते मला झेपायचं नाही. एवढं एक नाही झेपायचं."

ती थांबली. पर्सचा पट्टा तिनं मनगटाला दोन वेढे घालून आवळला होता, तो सोडवला.

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग थोरल्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला, बोटांनी त्याची कड चाचपली, पहिल्यासारखीच, टोचते की काय ते बघत. आणि दुकानदाराकडे तोंड करून बोलायला लागले. एकेक वाक्य. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, दुभाष्यासाठी थांबायचं असतं तेवढंच.

"सोळा द्या," धाकटी म्हणाली.

थोरले बोलले.

"हे मी हिच्यासाठी घेतोय."

थोरले बोलले. या वेळी जास्त वेळ लागला. एक शब्द निसटला, तो त्यांनी परत जाऊन धरला.

"माझं मत बदललेलं नाही," धाकटी म्हणाली.

थोरल्यांनी लाळ गिळली. शेवटचं वाक्य बोलले.

"ते बदललं, असं हिनं धरून चालू नये."

तिचा आवाज कुठे हलला नाही. शिकवलंच तसं होतं. 'हिनं' म्हणताना तिनं स्वतःकडे बोटही दाखवलं नाही. दुकानदारानं त्याचं त्यानं ओळखलं. त्याची बोलायची हौस एव्हाना कुठे गेली होती कोण जाणे. त्यानं खोकं उघडलं, आतला लॅपटॉप बाहेर काढून दोघांना दाखवला, परत आत घातला. चार्जर बघून घ्या म्हणाला. खोक्यातली ओल शोषणारी पुडी फेकून द्या, खाऊ नका, हा त्याचा रोजचा विनोद असावा. तोही त्यानं अर्ध्यावर सोडला.

धाकटीनं पैसे दिले. थोरल्यांनी खोकं आपल्याकडे ओढून घेतलं आणि उचलून पाहिलं. उचललं गेलं. मग खाली ठेवून त्यावर हात ठेवून ते उभे राहिले. दमले होते. एवढं ते महिनाभरात बोलले नव्हते. धाकटीच्या मनात आलं की घरी गेल्यावर त्यांना सांगावं, तुमचा हात वर गेला तेव्हा मला त्या दिवसासारखाच राग आला. चहा थंड होईपर्यंत येतो तसा. पण तिला माहीत होतं, घरी गेल्यावर ते विचारतील, मग बरोबर केलं की चूक? आणि तिला बरोबर म्हणावं लागेल.

दुकानदार बिलावर वाकला होता.

"शेवटचंच एक विचारतो," तो मान वर न करता म्हणाला. "वॉरंटी. एक वर्षाची कंपनीकडून येतेच, तिचं काही द्यावं लागत नाही. आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात, पण तेही आजच ठरवावं लागतं. सोळा घेणारे सगळे वाढवून घेतात. एक लिहू की तीन?"

पेन थांबवून त्यानं मान वर केली. थोरल्यांनी खोक्यावरचा हात उचलला नव्हता. त्या हाताचं एक बोट तेवढं वर आलेलं होतं.

दुकानदारानं ते बोट पाहिलं. नीट पाहिलं. तरीही तो धाकटीकडे वळला, आणि या वेळी ते सवयीनं नव्हतं. "एकच?" तो हळू आवाजात म्हणाला. "बाई, वाढवून घ्या ना."

धाकटीनं त्या बोटाकडे पाहिलं. ते खाली जात नव्हतं. ती सांगेपर्यंत ते तसंच थांबणार होतं.

"मी एक म्हणालो," ती म्हणाली.